रोजचं पिण्याचं पाणी: नळाचं, जारचं की बाटलीचं?

सिंहगडपायथा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज बाळ लवकर झोपलं म्हणून लिहायला बसले.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, नव्याने महापालिकेत आलेल्या गावांपैकी एकात राहतो. घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सात महिन्यांची लेक. सोसायटीत पाणी तीन वाटांनी येतं: महापालिकेची लाइन, बोअर आणि कमी पडलं की टँकर. तिन्ही पाणी एकाच खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत आणि मग आमच्या नळाला.

२०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली ती आमच्याच पट्ट्यात. इथलं नांदेड गाव (मराठवाड्यातलं नव्हे), किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत असायची. ओळखीतल्या एका घरातला तरुण मुलगा पायातली ताकद जाऊन कित्येक दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून आम्ही २० लिटरचा जार लावलाय. दिवसाला एक, ४० रुपये. म्हणजे महिन्याला १२०० रुपये. बाहेर पडलो की बाटली विकत.

सासरे वाईचे. त्यांना जारच्या पाण्याने तहानच भागत नाही. परवा पहाटे ते स्वयंपाकघरात नळाखाली तांब्या धरून उभे दिसले आणि माझा आवाज चढला. ते काही बोलले नाहीत, तांब्या मोरीत ओतला आणि आत गेले. मला दिवसभर चैन पडलं नाही.

आता लेकीला वरचं पाणी सुरू केलंय. तुम्ही घरी काय पिता? जार चालू ठेवू, की फिल्टर बसवून नळावर येऊ?

पर्वतीचा_नळ

पेठेत जन्म, पेठेतच आयुष्य. वय ६१. खडकवासल्याचं नळाचं पाणी थेट पीत आलोय, फक्त पावसाळ्यात गाळून, उकळून. १९६१ साली पानशेत धरण फुटलं तेव्हा नळ बंद पडले आणि वाड्यातल्या आडाचं पाणी उकळून प्यावं लागलं, असं आई सांगायची. एरवी कधी वेळ आली नाही.

सासऱ्यांना ओरडू नका हो. ज्याने कृष्णेचं पाणी प्यायलंय त्याला जारचं कसं रुचणार?

माठातला_वाळा

पूर्वी पाहुण्यांना विचारायचे, "साधं देऊ की फ्रीजमधलं?" आता आमच्याकडे विचारतात, "नळाचं, फिल्टरचं, जारचं, माठातलं की उकळलेलं?" पाहुणा म्हणतो, चहाच टाका.

भांडुपकर

पर्वतीकाका, तुमचा वाडा आणि ताईंची सोसायटी यांत फरक आहे. तुम्हाला लाइनचं पाणी येतं, त्यांना टाकीचं.

मी मुंबईचा. तानसा, भातसा, वैतरणा इथलं पाणी भांडुपला शुद्ध होऊन निघतं तेव्हा ते चांगलंच असतं. घोळ पुढे होतो. आपल्याकडे पाणी दिवसातले काही तास सुटतं. सुटलेलं असतं तेव्हा पाइपात दाब असतो, कुठे भोक असलं तर पाणी बाहेर गळतं. बंद झालं की दाब जातो आणि त्याच भोकातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय ओढलं जाईल ते सांगायला नको. म्हणून आमच्या चाळीत पाणी आलं की आई पहिली बादली धुण्याला लावायची आणि मगच पिण्याचा हंडा नळाखाली ठेवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, रंग बघून कळायचं.

ओपाकाठ

गोव्यात आमच्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी नळाला, पण पिण्याला अजून बांयचंच, म्हणजे विहिरीचं. पावसाळ्यात बांय गढूळ झाली की उकळतो. बाटली फक्त पर्यटकांच्या हातात बघते.

मांजराकाठ

तुम्हा सगळ्यांना निवड तरी आहे. मी लातूरचा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे पाण्याचे डबे, ५ लाख लिटर. मी स्टेशनवर बघायला गेलो होतो. गाडी फलाटाला लागली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी हात जोडले. मांजरा धरणात पाणी नव्हतं, नळ कित्येक आठवडे कोरडे. त्या काळात जारवाला हा आमच्यासाठी देवमाणूस होता. पाणी कुठून आणतो, तपासलंय का, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पुढे धरण भरलं, नळाला पाणी आलं, पण जार घरातून गेला नाही. आता बारशाला जार, मयतीला जार. नळाचं पाणी प्यायचं असतं हे माझ्या पुतण्यांना माहीतच नाही.

सिंहगडपायथा

मांजराकाठ दादा, अंगावर काटा आला. वाघिणी हा शब्दही कित्येक वर्षांनी वाचला.

खारपाण

अकोला-दर्यापूर पट्ट्यातून लिहितो. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीतलंच पाणी खारं. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, भांड्यावर पांढरा थर बसतो. उकळून काय होणार? मीठ उकळून जात नाही. गावात आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारा प्लांट आहे, कार्ड लावलं की कॅन भरून मिळते. लोक सायकलला दोन-दोन कॅन अडकवून नेतात.

इंडियन स्टँडर्डप्रमाणे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत हवा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ज्यांच्या नळाला धरणाचं गोडं पाणी येतं त्यांनी आरओ बसवायची काहीच गरज नाही. घरचं मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर सांडपाण्यात सोडतं. आम्ही थेंब थेंब मोजतो, म्हणून हे बघवत नाही. ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं.

स्क्रूड्रायव्हर

आरओ विकणाऱ्यांचा एक प्रयोग सगळ्यांनी लक्षात ठेवा. माझ्या आईच्या घरी झाला, मी सुदैवाने तिथेच होतो.

विक्रेत्याने दोन पेले मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत चार सळयांचं यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्यात आधी हिरवट, मग तपकिरी गाळ फुगून वर आला. मशीनचं पाणी तसंच स्वच्छ. आईने तोंडाला पदर लावला. "हे आम्ही इतकी वर्षं पितोय?"

तो गाळ पाण्यातला नव्हताच. सळया लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून काही होत नाही. मी आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकलं. पुन्हा बटण दाबायला लावलं. तोही पेला तपकिरी झाला. त्याने सामान आवरलं. आई अजून सगळ्यांना हे सांगते.

माठातला_वाळा

चिमूटभर मिठाला जागलात!

तुरटी

मी जिल्हा परिषदेत पाणी गुणवत्तेच्या कामात नोकरी केली, आता निवृत्त. ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. टीडीएसचा मीटर जंतू दाखवत नाही. मीटरवर ६० आकडा येणाऱ्या पाण्याने कावीळ होऊ शकते आणि ४५० चं पाणी निर्धोक असू शकतं. जारवाले मीटर बुडवून दाखवतात ते बघून समाधान मानू नका.

दुसरी. गावातला जलसुरक्षक रोज काय करायचा, तेच तुम्ही घरी करू शकता. नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंब टाकायचे. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा. रंगच आला नाही तर एकतर क्लोरीन पडलेलं नाही, किंवा वाटेत घाणीशी झुंजून संपलंय. दोन्ही वाईटच. आणि ओटी टाकलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

तिसरी, एच-टू-एस बाटली. छोटी असते, आत औषध लावलेलं असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून खोलीत ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेची भेसळ असल्याची दाट शंका. ही प्राथमिक चाचणी आहे, पक्कं उत्तर प्रयोगशाळेचंच. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत माफक शुल्कात तपासून मिळतं.

चौथी, बाळासाठी. तुमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं म्हणून नायट्रेट नक्की तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटने कमी होते. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. जंतूंसाठी मात्र उकळण्यासारखा उपाय नाही. खदखदून उकळी आली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळू नका. त्याच पातेल्यात झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा. उकळलेल्या पाण्यात हात घालून पेला बुडवला तर सगळी मेहनत गेली.

वैशाखवणवा

काका, पण जारचं पाणी तर कंपनीचं असतं ना? ते तपासलेलंच असणार.

तुरटी

दोन प्रकारचे जार असतात, लोक घोटाळा करतात. तोंडाला सील असलेला, वर छापील लेबल, बॅच, तारीख आणि एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना असलेला जार वेगळा. त्यावर पूर्वी आयएसआयचा शिक्का सक्तीचा होता, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती सक्ती काढली, तरी बरेच जण ठेवतात. आणि लग्नात, ऑफिसात येतो तो रुंद तोंडाचा, नुसतं झाकण फिरवलेला थंड पाण्याचा जार वेगळा. त्यात बोअरचं पाणी गार करून भरलंय की काय केलंय हे भरणाऱ्यालाच ठाऊक. ताई, तुमच्याकडे कुठला येतो?

सिंहगडपायथा

काका, झाकण फिरवायचाच येतो. लेबल नाही. आज पहिल्यांदा नीट बघितला. तळाशी बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं.

डेल्फ्टवाली

अगं, आधी तो जार बंद कर.

मी नेदरलँड्समध्ये आहे. इथे सगळे नळाचंच पाणी पितात आणि त्यात क्लोरीनही घालत नाहीत. पहिल्यांदा आले तेव्हा आईने सोबत कॅन्डलचा फिल्टर बांधून दिला होता, तो कपाटावर पडून आहे. इथे क्लोरीन न घालता जमतं कारण पाइप चोवीस तास भरलेला असतो आणि गळती नगण्य. आपल्याकडेही ओडिशात पुरीला २०२१ पासून थेट नळाचं पाणी पिता येतं, म्हणजे होत नाही असं नाही.

निळी_बाटली

बाटलीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला होता. बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, त्यातले बहुतेक नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. मी तेव्हापासून स्टीलची बाटली बाळगते.

वैशाखवणवा

निळी_बाटली, आयडी बदला आता.

भांडुपकर

ते कण शरीरात काय करतात याचं काम अजून चालू आहे. घाबरून कुणी रेल्वे स्टेशनवरच्या कुठल्याही नळाला तोंड लावू नका. प्रवासात सीलबंद बाटली हाच शहाणपणा, मी तरी तेच करतो. फक्त सील तुटलेलं नाही ना, ते बघून घ्या आणि पिऊन झाल्यावर बाटली चुरगाळून टाका.

आजोळचा_आड

अवांतर होईल, पण लिहिते. लहानपणी आमच्या आजोळी पायविहीर होती. बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहून घागर भरायच्या. मामाच्या पोटरीतून नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात जाणारा जंत, बाहेर आलेला मी पाहिलाय. पांढऱ्या दोऱ्यासारखा. आजी तो काडीला गुंडाळायची, रोज जेमतेम बोटभर, ओढला तर तुटेल म्हणून. मामा दात आवळून खांबाला धरून बसायचा. मग आरोग्यवाले आले, पायऱ्या बुजवून विहिरीला कठडा आणि रहाट लावला, घरोघर सांगितलं की दुहेरी फडक्यातून पाणी गाळा. औषध नाही, लस नाही, नुसतं गाळणं. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माझ्या सुनेला नारू हा शब्द सांगितला तर तिला काहीच कळलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.

आमच्या विहिरीवर अख्खं गाव यायचं. म्हणून ती नीट झाली तेव्हा अख्ख्या गावाची नीट झाली.

मांजराकाठ

आजी, शेवटची ओळ काळजात गेली.

हिरवा_हंडा

आजींनी लिहिलं म्हणून मी पण लिहिते. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी पंधरा वर्षं आहेत. उन्हातून आल्या की आधी पाणी पितात. जार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी लक्षात आलं, आम्ही सगळे जारचं पितो आणि मावशी स्वतःहून नळाचं घेतात. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मावशी, इकडचं घ्या. त्या म्हणाल्या, "नको ताई, ते इकतचं हाय."

मी तिथेच खाली बसले. जे पाणी माझ्या मुलाला द्यायला मला भीती वाटते, ते त्या रोज माझ्याच घरात पीत होत्या. आणि त्यांच्या वस्तीत तर तेवढंही नाही. आपण प्रत्येकाने आपापल्या दाराशी जार लावला, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीचा विषय निघत नाही. आमच्या टाकीची तीन वर्षं सफाई झाली नव्हती. पार्किंगच्या रंगावर मात्र दोन तास भांडण झालं. मला याचा खरंच राग आहे.

स्क्रूड्रायव्हर

+१. शंभर फ्लॅट, रोज शंभर जार, ४० रुपयांनी ४००० रुपये. एवढ्यात टाकी दर आठवड्याला धुऊन होईल.

पर्वतीचा_नळ

हिरवा_हंडा, आम्ही तुमच्या बाजूने. सिंहगडपायथा ताई, आधी टाकी उघडून बघा.

सिंहगडपायथा

सगळे प्रतिसाद नवऱ्याला आणि सासऱ्यांना वाचून दाखवले. तुरटीकाकांनी सांगितलेल्या बाटल्या आणल्यात. उद्या सकाळी भरते. इथेच कळवीन.

वैशाखवणवा

वाट बघतोय.

सिंहगडपायथा

चार दिवसांनी येतेय, माफ करा.

तीन बाटल्या भरल्या. एक महापालिकेच्या लाइनची, थेट मीटरजवळच्या नळाची. दुसरी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची. तिसरी जारची. सासऱ्यांनी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून आपल्या वळणदार अक्षरात नाव घातलं आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या. ते दर दोन तासांनी जाऊन बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जारची बाटली काळी. रात्रीपर्यंत स्वयंपाकघराचीही काळी. लाइनची ४८ तासांनंतरही तशीच राहिली, फिकट.

मी घरच्यांच्या काळजीने दीड वर्ष पैसे मोजून जे आणत होते तेच सगळ्यांत आधी काळं पडलं. आणि सासरे ज्या नळाचं पीत होते तेही चांगलं नव्हतं. म्हणजे आमच्या दोघांचंही चुकत होतं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, आवाज चढवलास तो पोरीच्या काळजीनेच ना?"

तिन्ही बाटल्या घेऊन सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो. बोलायची फारशी गरजच पडली नाही, बाटल्या टेबलावर ठेवल्या. रविवारी खालची टाकी उघडली. झाकणाची एक कड तुटलेली, आणि शेजारीच गाड्या धुण्याची जागा. तिथलं पाणी उतारावरून सरळ आत जात होतं. तळाशी चार बोटं गाळ. सासरे काठी टेकत उभे राहून माणसांकडून कोपरे घासून घेत होते.

तुरटी

शाब्बास. आता क्रम नीट पाळा. टाकी भरल्यावर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, बादलीत कालवून, निवळी वरची टाका, गाळ टाकू नका. अर्धा तास थांबा. मग वरच्या टाकीचंही तसंच. नळाला ओटी पिवळं आलं की पुन्हा एच-टू-एस लावा. झाकण नवं बसवताना काठ जमिनीपासून उंच घ्या. आणि टँकर ओततानाही ओटी लावा, रंग आला नाही तर परत पाठवा. नायट्रेटचं काय झालं?

सिंहगडपायथा

नमुना प्रयोगशाळेत दिलाय, अहवाल यायचाय. तोवर बाळाला मीटरजवळच्या नळाचं पाणी उकळून देते, बोअरचं त्यात येत नाही. रोज सकाळी लाइन सुटली की सासरे स्वतः कळशी भरून आणतात. आज लेकीने त्यांच्या हातातल्या वाटीतून पहिला घोट घेतला, निम्मं त्यांच्या सदऱ्यावर.

जार बंद केला. टीडीएस १०० च्या आत निघाला, म्हणून आरओ नाही, साधा यूव्हीचा (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर घ्यायचं ठरतंय. टाकी दर तीन महिन्यांनी उघडायची आणि त्या दिवशी प्रत्येक मजल्यावरचा एक जण हजर राहायचा, हे मीटिंगमध्ये लिहून घेतलंय.

हिरवा_हंडा

ताई, त्या एच-टू-एस बाटल्या कुठून आणल्यात ते सांगाल का? आमची मीटिंग रविवारी आहे.

सिंहगडपायथा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तीन नको, चार आणा. एक मावशींच्या वस्तीतल्या नळाची भरा.